उजव्या पायाचे सात बूट

१

सातवा बूट गेला, तोही उजवाच.

"चोराला डावं-उजवं कळतं, एवढं तरी बरं," मास्तर म्हणाले.

मालकीणबाई हसल्या नाहीत. त्या हसल्या की दुकानातल्या माणसांना आता काहीतरी वाईट ऐकावं लागणार असं वाटायचं, त्यामुळे त्यांचं न हसणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

दुकान लहान मुलांच्या बुटांचं. मालकीणबाईंच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या मालकांनी, ते काढलं आणि जाताना मागे दोन नियम ठेवले. पहिला : मांडणीवर फक्त उजवा बूट ठेवायचा, डावा गोदामात. अर्धा जोड चोरून चोर करणार काय? हा मुद्दा गावातल्या चोरांनाही पटला असावा, कारण तीस वर्षांत एक बूट गेला नव्हता. दुसरा नियम : मूल समोर असल्याशिवाय आणि त्याच्या पायाचं माप घेतल्याशिवाय बूट विकायचा नाही. एकदा एका मोठ्या साहेबांनी फोनवरून बूट मागवले, तर थोरले मालक म्हणाले, "पाय पाठवा." ही गोष्ट ते मरेपर्यंत सांगत. मेल्यावर त्यांचा फोटो गल्ल्यावर लागला, आणि तो अजूनही तीच गोष्ट सांगतोय अशा चेहऱ्याचा होता.

मास्तरांनी अठ्ठावीस वर्षं परीक्षांवर देखरेख केली होती. कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. निवृत्त झाल्यावर लोक बाग करतात. मास्तरांच्या बागेत काही उगवेना, तेव्हा ओळखीपाळखीच्या माणसांच्या बारीकसारीक चोऱ्या त्यांच्याकडे येऊ लागल्या. सायकलच्या घंट्या, वाळत घातलेले कपडे, वाचनालयातली पुस्तकं. त्यांचं म्हणणं एकच असायचं : "कॉपी करणारा पोरगा उत्तर चोरत नाही, घरचा मार चुकवत असतो. वस्तू कोणती गेली ते मला सांगू नका. काय चुकवायला गेली ते बघू."

"पोलिसांना का नाही बोलावलंत?"

"ते पहिलं हेच विचारणार, की लहान मुलाच्या एका बुटाचं कोण काय करणार. मला उत्तर येत नाही." मालकीणबाईंनी टेबलावरचा कागद सरळ केला. "चोर मात्र माहीत आहे. गोदामवाले मामा. सात वेळा झालं, आता डोळेझाक होणार नाही. शनिवारी त्यांना निरोप. पत्र टाइप करून ठेवलंय."

"मग माझं काय काम?"

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मामा या दुकानात एकतीस वर्षं होते. गोदामामागच्या खोलीतच राहायचे. नोकरी गेली की घरही जाणार होतं. लहानपणी मालकीणबाईंना खांद्यावर बसवून त्यांनीच शाळेत पोचवलं होतं.

"पत्रावर सही होत नाहीये," त्या म्हणाल्या. "चार दिवस आहेत तुमच्याकडे."

"घरी तुमच्या कोण कोण असतं?" मास्तरांनी सवयीने विचारलं.

"आम्ही दोघं," त्या म्हणाल्या, आणि टेबलाचा खण असा लावला की मास्तरांनी पुढचा प्रश्न खिशात घातला.

२

गोदामात छतापर्यंत खोकी होती आणि खोक्यांच्या मधोमध मामा. इतकी वर्षं खोक्यांत राहून तेही थोडे चौकोनी झाले होते.

कोपऱ्यातल्या एका फळीवर सात डावे बूट ओळीने उभे होते. पुसलेले, नाड्या बांधलेल्या. प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी.

"हे कोण?" मास्तरांनी विचारलं. 'हे काय' म्हणायला जीभ वळली नाही.

"मागे राहिलेले," मामा म्हणाले. "विकता येत नाहीत. बाई म्हणतात, टाकून द्या. मी म्हणतो, समजा उद्या उजवा परत आला, आणि घरी कोणीच नसलं तर?"

मास्तर चिठ्ठ्या वाचू लागले. नंबर तीन. चार. पाच. सहा. सात. आठ. शेवटचा, परवाचा, नऊ. प्रत्येकीवर तारीख, महिना-वर्ष वेगवेगळं, पण आकडा एकच : वीस.

"दर वेळी वीस तारखेला जातो?"

"वीस तारखेला सकाळी दिसत नाही. मांडणी मी रोज सकाळी पुसतो. एकोणीसला पुसताना असतो, वीसला नसतो. मधल्या चोवीस तासांचं मला विचारू नका, मी काय बुटांना झोपवायला जात नाही."

"रोज म्हणजे दुकान बंद असतं त्या दिवशीही?"

"सोमवारीही पुसतो. नाही पुसलं तर करू काय दिवसभर? माझी चार पोरं चार दिशांना. बायको गेली. बुटांशी बोललं तर निदान ते जीभ दाखवतात, उत्तर तरी देत नाहीत."

मास्तर हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी पाच नंबरची चिठ्ठी उलटी केली.

"हे बघा. हा गेला तेव्हा एकोणीस तारीख सोमवारी होती. दुकान बंद. दार बाहेरून बंद, दारवान सुट्टीवर, मावशी सुट्टीवर, गिऱ्हाईक नाही. सकाळी बूट होता, मंगळवारी नव्हता." ते मास्तरांकडे सरळ बघत म्हणाले, "त्या दिवशी आत फक्त मी होतो. बाई उगाच नाही म्हणत. लिहून घ्या."

"तुम्ही घेतलात?"

"नाही."

"मग हे मला कशाला सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत," मामा म्हणाले.

३

दारवानाला एकच पाय होता. उजवा. डावा एका कारखान्यात राहिला होता. थोरल्या मालकांनी त्याला मुद्दाम नोकरी दिली; त्यांचं म्हणणं, बुटाच्या दुकानाच्या दारात एका पायाचा माणूस उभा असला की गिऱ्हाईकाला आपल्या दोन्ही पायांची किंमत कळते.

"मास्तर, मी तुमच्या जागी असतो ना, तर मला पहिल्या दिवशीच पकडलं असतं," तो म्हणाला. "दुकानातून जातात फक्त उजवे. आणि फक्त उजवा लागणारा माणूस या गावात मी एकटा. शिवाय माझाही नंबर नऊ!"

"मग?"

"तो मोठ्या माणसांचा नऊ. हा पोरांचा नऊ. यात माझा अंगठा जाईल, तोही कुरकुरत." त्याने कुबडी दुसऱ्या काखेत घेतली. "आणि माझी तीन कार्टी आहेत, त्यांचे बूट मी इथूनच घेतो, रांगेत उभा राहून."

"जाताना पिशव्या तपासतोस?"

"सगळ्यांच्या. बाईंचीसुद्धा, त्यांचाच हुकूम."

"आणि त्यांच्या यजमानांची?"

"जावईबापूंची? त्यांच्याकडे पिशवीच नसते. छत्री असते. बारा महिने तेरा काळ."

"एवढ्या कडक उन्हात?"

"मीही विचारलं होतं. म्हणाले, बाबा रे, घरजावयावर कधी पाऊस पडेल सांगता येत नाही."

आत माप घेणाऱ्या मावशी एका रडणाऱ्या पोराचा पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या. लाकडी पट्टी, तिच्यावर सरकता ठोकळा. त्या पोराशी नाही, पायाशी बोलायच्या. "अगंबाई, कुठे कुठे हिंडून आलास रे? हा चिखल कुठला?" पोर रडायचं थांबलं, आपला पाय काय उत्तर देतो ते त्यालाही ऐकायचं होतं.

मावशींच्या मागच्या भिंतीवर थोरल्या मालकांनी छापून घेतलेला मोठा तक्ता होता : 'वाढते पाऊल'. सगळ्यात खाली 'पहिलं पाऊल, एक वर्ष, नंबर तीन' आणि तिथून वर जिना चढावा तशी पावलं. गिऱ्हाइकं तो बघत बसायची. मावशींची त्याच्याकडे पाठ असायची.

"मामा?" मावशी म्हणाल्या. "मामांनी चोरला तर परत आणून पुसून ठेवतील. बाईंचं डोकं फिरलंय."

तक्त्याच्या बरोबर समोर गल्ला. त्याच्यामागे, सासऱ्यांच्या फोटोखाली, जावईबापू. मऊ आवाजाचा, मऊ चेहऱ्याचा माणूस. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण दुकानात अजून पाहुण्यासारखे बसायचे. काचेवर नसलेला डाग पुसत होते.

"खरंच शनिवारी काढणार मामांना?" त्यांनीच मास्तरांना विचारलं.

"तुम्ही मालक. मला काय विचारता?"

"मालक ते." त्यांनी मान वर न करता फोटोकडे बोट दाखवलं. "मग ही. मग मामा. मग दारवान. मग बहुतेक मी. पण मावशींना विचारून घ्या."

जावईबापूंनी पुन्हा काच पुसायला घेतली. "एक बूट गेला म्हणून—"

"सात," मास्तर म्हणाले.

"हो. सात." फडकं थांबलं. "पण घाई कशाला म्हणतो मी. आता सहा महिने तरी काही जाणार नाही. तेवढ्यात बाईंचा राग शांत होईल."

मास्तरांनी मान डोलावली आणि बाहेर आले. चार पावलं गेल्यावर त्यांना काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. पेपर गोळा करून झाल्यावर एक पेपर कमी भरतो, तसं झालं.

४

घरी त्यांनी तारखा एका खाली एक मांडल्या. तीन नंबरनंतर तीन महिन्यांनी चार. पुन्हा तीन महिन्यांनी पाच. मग चार महिन्यांनी सहा, चार महिन्यांनी सात. मग सहा, आणि पुन्हा सहा.

आकडा वाढतोय, आणि अंतरही वाढतंय.

मास्तरांनी पेन्सिल ठेवली. हे चोराचं वेळापत्रक नव्हतं. हा एक पाय होता. कुठेतरी एक मूल वाढत होतं, आणि जसजसं वाढत होतं तसतसा कोणीतरी त्याला पुढचा बूट नेऊन देत होतं. एकच. उजवा.

याचा अर्थ त्या मुलाला एकच पाय होता.

हा विचार इतका भयंकर आणि इतका बिनतोड होता की दुसऱ्या दिवशी मास्तर कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात जाऊन उभे राहिले. तिथला कारागीर एका लाकडी पोटरीला पॉलिश करत होता.

"तीनेक वर्षांचं मूल," मास्तर म्हणाले, "डावा पाय नाही. वर्ष-दोन वर्षांत तुमच्याकडे आलं असेल."

कारागिराने पोटरी खाली ठेवली. "तुमचं आहे का?"

"नाही. मी चोर शोधतोय."

"तीन वर्षांच्या लंगड्या पोरामागे लागलाय तुम्ही?" कारागीर म्हणाला. "काका, घरी जा. जेवा काहीतरी."

मास्तर घरी गेले नाहीत, दुकानात गेले. शुक्रवारची सकाळ होती, उद्या मामा जाणार होते. त्यांनी तारखांचा कागद मावशींपुढे धरला.

"हा पाय ओळखता येईल? तुमच्या कार्डांत असा कोणी वाढलाय का?"

मावशींकडे प्रत्येक मुलाचं कार्ड असायचं. त्यांनी कागद वाचला आणि खळखळून हसल्या.

"असं कोण वाढतं? हे बघा." त्यांनी खोक्यातून मूठभर कार्डं काढली. "हा वर्षभर पाचावर अडकला, मग तापातून उठला आणि दोन महिन्यांत सात! हिचा डावा मोठा, उजवा लहान. हा तर मागे गेला होता एकदा, मीच चुकले असेन. मास्तर, बावीस वर्षं पाय धरतेय मी पोरांचे. मुलं काय तक्ता वाचून वाढतात का?"

मास्तरांनी मान वर केली. समोर भिंतीवर तक्ता होता. पहिलं पाऊल, एक वर्ष, नंबर तीन. तीन महिन्यांनी चार. तीन महिन्यांनी पाच. मग चार, चार. मग सहा, सहा. आणि नऊच्या पुढे दहा : आणखी सहा महिने.

अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कॉपी एकाच खुणेवरून ओळखली होती. खऱ्या उत्तरात खाडाखोड असते. ज्याचं उत्तर गाईडमधल्यासारखं अक्षरशः बरोबर, त्याने ते कुठूनतरी उतरवलेलं असतं.

हे मूल तक्त्यातून उतरवलेलं होतं. ते आजारी पडत नव्हतं, अडकत नव्हतं, मागे जात नव्हतं.

त्याला पाय एकच नव्हता. त्याला पायच नव्हते.

"मास्तर?" मावशी म्हणाल्या. "बसा जरा. चेहरा काय झालाय तुमचा."

५

मास्तर आधी गोदामात गेले.

"मामा, त्या सोमवारी दुकानात कोणी आलं होतं?"

"सांगितलं ना. कोणी नाही."

"आठवून सांगा."

"कोणी म्हणजे कोणीच नाही. दुपारी जावईबापू छत्री विसरली म्हणून किल्ली घेऊन आले आणि गेले, बास."

"मग तुम्ही 'कोणी नाही' का म्हणालात?"

मामा बावरले. "त्यांना कोण 'कोणी' म्हणतं?"

बाकीचं मास्तरांना चालता चालता सुटलं. मावशींनी हजार पाय हाताळले होते, मामांनी चार पोरं वाढवली होती, दारवानाची तीन. यांच्यापैकी कोणीही इतकं शहाण्यासारखं वाढणारं मूल रचलं नसतं. तसं मूल ज्याला फक्त तक्ता ठाऊक आहे त्याचंच. वरच्या खोलीत बसणाऱ्या मालकीणबाईंना तक्ता दिसत नाही, आणि त्यांची पिशवी रोज तपासली जाते. गल्ल्यावरून दिवसभर दुसरं काही दिसत नाही, आणि छत्री कोणी उघडून बघत नाही. आणि 'आता सहा महिने तरी काही जाणार नाही' हे चोराशिवाय कोणाला माहीत असणार?

दुपारी अर्धा तास दुकान बंद असायचं. मास्तर जावईबापूंच्या गल्ल्यासमोर, माप घ्यायच्या स्टुलावर बसले. स्टूल पोरांचं होतं. त्यांचे गुडघे कानांशी आले.

"मी कॉपी करणाऱ्याला वर्गासमोर कधी पकडलं नाही," ते म्हणाले. "सगळे पेपर देऊन गेले की त्याच्या बाकाशी जाऊन उभा राहायचो. तो आपणहून चिठ्ठी काढून द्यायचा."

जावईबापू बराच वेळ 'पोच' असा शिक्का कोऱ्या कागदावर मारत राहिले. पोच. पोच. पोच.

"तीन वर्षं दोन महिने," शेवटी ते म्हणाले. "आता तिला नऊ लागला असता."

मास्तरांनी तारखांचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

"दोन दिवस होती. दवाखान्यात, काचेच्या पेटीत. मी खाली कागद भरत होतो. या खिडकीचं त्या खिडकीत. एका फॉर्मवर नावाचा रकाना होता. काय लिहू विचारायला वर गेलो, तर दुपट्यात गुंडाळून ठेवली होती. मी उघडलं नाही. धीर झाला नाही. रकाना तसाच राहिला." शिक्का खाली ठेवला. "त्यानंतर घरी तो विषय नाही. तसं ठरलं वगैरे नव्हतं. पण नाही."

"आणि बूट?"

"तिचा पहिला वाढदिवस असता, एकोणीस तारीख. समोर हा तक्ता. पहिलं पाऊल, नंबर तीन. बाजूला मांडणी. हात गेला. फार हलका असतो हो तो."

"एकच का?"

जावईबापूंना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. "चालायचं थोडंच आहे," ते म्हणाले.

"विकत घ्यायचात."

"कोणाकडून? मावशी म्हणणार, बाळाला आणा, माप घेऊ."

"बाईंकडे मागायचात."

"मागायचं म्हणजे सांगावं लागतं, मास्तर. चोरलं की सांगावं लागत नाही. ठाऊक आहे, माझंच दुकान आहे. स्वतःच्या दुकानात चोरी करणारा मी पहिलाच बावळट असेन. पण चोरी केली की कसं, आपल्याकडे लपवण्यासारखं काहीतरी आहे असं वाटतं. त्याआधी तेही नव्हतं."

"आणि मामा?"

मऊ चेहरा एकदम कोसळला.

"रोज जेवताना सांगायला तोंड उघडतो. तोंडातून निघतं, 'मीठ दे जरा.' चार दिवस नुसतं खारट जेवतोय."

मास्तर उठले. उठायला दोन प्रयत्न लागले. "उद्या सकाळी मी येईन," ते म्हणाले. "बाकाशी उभा राहीन. चिठ्ठी तुम्ही काढायची. तुम्ही नाही काढलीत तर मला काढावी लागेल, आणि मला ते आवडत नाही."

६

शनिवारी दुकान उघडायच्या आधी सगळे खाली जमले. मामा दोन पिशव्या घेऊन आले. एकतीस वर्षं दोन पिशव्यांत मावली होती, आणि एक पिशवी तर अर्धी रिकामी होती. हातात मात्र मोठा ट्रे, त्यात सात डावे बूट.

"पत्र द्या, बाई," मामा म्हणाले. "पण आधी हे ताब्यात घ्या. यादी वाचतो. नंबर तीन, वीस तारीख. नंबर चार, वीस तारीख—"

"मामा, राहू दे," मालकीणबाई म्हणाल्या. पेन हातात होतं, टोपण निघालं होतं.

"असं कसं? उद्या म्हणाल मामांनी डावेही नेले. नंबर पाच, वीस—"

"एकोणीस," कोणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं. जावईबापू गल्ल्यामागून बाहेर आले होते. ते तिथून बाहेर येतात हेच दारवानाने पहिल्यांदा पाहिलं. हातात छत्री होती, आणि पोटुशी असल्यासारखी फुगलेली.

"वीसला दिसत नाही," ते म्हणाले. "नेतो एकोणीसला. दर वेळी एकोणीसला."

मालकीणबाईंचं पेन कागदावर टेकलं होतं तिथेच राहिलं. शाईचा ठिपका पसरू लागला.

जावईबापूंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मास्तरांना वाटलं, आता हा मीठ मागतो. पण तोंडातून काहीच निघालं नाही. मग त्यांनी छत्रीचं बटण दाबलं.

छत्री भर दुकानात फाडकन उघडली आणि बूट खाली पडले. टप. टप. टप. सात वेळा. शेवटचा, अगदी छोटा, तारेत अडकला होता. जावईबापूंनी छत्री हलवली तेव्हा तोही पडला. मग ते तसेच उघडी छत्री धरून छपराखाली उभे राहिले.

मामा खाली बसले आणि हाताला सवय म्हणून उजव्यांना डाव्यांशेजारी लावू लागले. तीनशी तीन. चारशी चार. पाचपर्यंत आले तेव्हा त्यांना कळलं. त्यांचे हात थांबले.

"अगं," मावशी पुटपुटल्या, आणि पदर तोंडाशी नेला.

मालकीणबाई मास्तरांना ओलांडून, दारवानाला ओलांडून आल्या आणि माप घ्यायच्या त्या बुटक्या स्टुलावर बसल्या. नऊ नंबरचा उजवा बूट उचलला. आत दोन बोटं घालून, बावीस वर्षं मावशी करतात तसं, रुंदी पाहिली.

"हा तिला झाला नसता," त्या म्हणाल्या.

जावईबापूंची छत्री हळूहळू खाली आली.

"तक्त्यात—"

"तक्ता काय सांगतो!" आवाज फुटला, पण त्यांनी तो सावरला. "तुम्ही तिचा पाय पाहिलाच कुठे? तुम्ही खाली फॉर्म भरत होतात. मी दुपटं उघडून पाहिलं. रुंद होता, माझ्यासारखा. अंगठा असा वर उचललेला, रुसल्यासारखा. हा बूट तिला चावला असता, अहो. सगळेच चावले असते. दोन वर्षं तिला चावणारे बूट घालताय तुम्ही."

"मला काय माहीत," जावईबापू म्हणाले. "तू कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

मास्तर तक्त्याकडे बघत उभे होते. परीक्षा संपल्यावर वर्गात कोणीतरी रडत असलं की ते असेच फळ्याकडे बघत उभे राहायचे. बाहेर पहिलं गिऱ्हाईक आलं होतं, कडेवर पोर. दारवानाने दाराला पाठ लावली.

मालकीणबाईंनी डोळे पुसले नाहीत. बूट मांडीवरच होता. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वळवली, गोदामाच्या दिशेने, कारण मामा नेहमी तिकडेच असायचे. मग ध्यानात आलं, ते पायाशी बसले होते, दोन पिशव्यांच्या मधे.

"मामा," त्या म्हणाल्या. "नऊ नंबर, रुंद पायाचा, आहे?"

मामांनी गुडघ्यावर हात टेकले आणि उठले.

"आहे. आतल्या फळीवर. उजवा आणू?"

"नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "जोडी आणा."